गिझर ‘डायरेक्ट’ करू नका

थंडी सुरू झाली की मानवत, पाथरी, सेलूकडून एकच प्रश्न येतो: गिझर बिघडलाय, दुरुस्त करावा की नवा घ्यावा? आणि मिस्त्री सांगतो तेवढे पैसे द्यावेत का?

आधी बिघाड कुठं आहे ते बघा. साध्या, टाकीच्या गिझरमध्ये बिघडण्यासारखं असतं काय? कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, वॉल्व्ह आणि टाकी. यातलं टाकी सोडून काहीही गेलं तरी त्या सुट्या भागाचा खर्च बहुधा शेकड्यांत असतो, हजारांत नाही. टाकीच गळत असेल तर मात्र वेल्डिंगच्या नादी लागू नका. आत काचेसारखा लेप असतो, तो वेल्डिंगनं जळतो आणि चार दिवसांत शेजारी दुसरं भोक पडतं. नवा घेण्याआधी हमीचं कार्ड शोधा. टाकीची हमी बहुतेक वेळा बाकीच्या भागांपेक्षा जास्त वर्षांची असते. हे कार्ड खोक्याबरोबर भंगारवाल्याला देणारी माणसं आपल्याकडं कमी नाहीत.

आता पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. तापलं की त्यातले क्षार कॉइलवर पांढऱ्या थरानं बसतात. थर उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, मग कॉइल आतल्या आत तापून जळते. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास टाकी उघडून साफ करून घ्या. तेव्हाच आतला मॅग्नेशियमचा रॉड बघायला सांगा. तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंज चढू देत नाही. झिजून तार उरली असेल तर बदला.

पंधरा लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.7 युनिट वीज लागते. 2000 वॅटचा गिझर ते वीस-बावीस मिनिटांत करतो. तासभर चालूनही पाणी कोमटच राहत असेल तर कॉइल किंवा थर्मोस्टॅट तपासा. आणि नळातून पाण्याऐवजी फसफसून वाफ येत असेल तर तपासत बसू नका, बटण बंद करा.

ही वाफ कुठून येते? थर्मोस्टॅट जातो. मिस्त्री म्हणतो, ‘‘काका, नवा पार्ट परभणीहून आणावा लागेल, तोवर डायरेक्ट करून देतो.’’ डायरेक्ट म्हणजे काय, विचारलंत कधी? पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट वगळायचा आणि तो फसला तर वीज तोडणारा कटआउटही वगळायचा. वीज सरळ कॉइलला. आता पाणी किती तापवायचं हे ठरवणारं गिझरमध्ये कुणीच उरलं नाही. तुम्ही बटण विसरलात की ते तापतच राहणार.

त्यात दुसरा उद्योग. वॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून लोक तिथं डमी ठोकतात. अहो, ते ठिबकायलाच हवं! पंधरा लिटर पाणी तापताना जवळपास पाव लिटरनं फुगतं. फुलपात्रभर पाणी झालं ते. ते जाणार कुठं? वॉल्व्ह त्याला वरच्या टाकीकडं परत जाऊ देत नाही, म्हणून थेंबथेंब बाहेर सोडतो. गिझर बंद असतानाही धार लागली तर वॉल्व्ह बदला. बुजवू नका. कुकरची शिट्टी दाबून धरता का तुम्ही?

डायरेक्ट केलेला गिझर आणि बुजवलेला वॉल्व्ह, दोन्ही एका घरात आले की टाकीतलं पाणी शंभर अंशांच्या वर जातं, पण दाबाखाली असल्यानं उकळत नाही. टाकी फाटली की त्यातलं काही पाणी क्षणात वाफ होतं, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. न्हाणीघराची भिंत तेवढी जागा देत नाही. जुन्या तांब्याच्या बंबात आपण पऱ्हाट्या आणि तुराट्या कोंबून पाणी खळखळ उकळवलं, पण तो वरून मोकळा होता. गिझर बंद आहे, माय. तिथं ‘‘चालतंय की’’ चालत नाही. पार्ट येईपर्यंत दोन दिवस चुलीवर पाणी तापवा, आंघोळ बुडवा, माझी हरकत नाही. पण डायरेक्ट नको.

बाकीचं थोडक्यात. अर्थिंग नसेल तर गिझर लावू नका. बादलीत पाणी तापवायचा रॉड असेल, तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आतच पडतो. दुरुस्तीचा अंदाज आधी सांगायला लावा, बिल घ्या आणि काढलेला जुना भाग परत मागा. भाग हातात मागितला की अर्धे मिस्त्री आकडा कमी करतात, हे मी माझ्या धंद्यातल्या लोकांविषयीच बोलतोय. हमीत असूनही कंपनी टाळत असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगा. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं शुल्क नाही.

सोलरवाल्यांनी हसू नये. गच्चीवरच्या टाकीला हवेसाठी एक उभी नळी असते. तीत कचरा जातो म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधलेल्या टाक्या मी बघितल्यात. हवा आत शिरायला वाट नसेल तर पाणी ओढलं जाताना टाकी आत चेपते, आणि चेपलेली टाकी कुठल्याच हमीत बसत नाही. आज संध्याकाळी गच्चीवर गेलात तर ती पिशवी तेवढी सोडा.