संगणकाचे खुले घर आणि आपली मुले

(मंडळाच्या धाराशिव येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही या विषयातील पंडित नव्हे. परंतु गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यालयात एक लहानशी गोष्ट घडली व तिच्यापासून आम्हांस पुष्कळ शिकावयास मिळाले. तीच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

कार्यालयातील जुना संगणक बिघडला म्हणून नवा घेतला. प्रिंटर मात्र जुनाच, परंतु धडधाकट होता. तरीही नव्या संगणकाबरोबर तो चालेना. चौकशी करता उत्तर आले की, या नमुन्यासाठी ड्रायव्हर आता मिळत नाही; नवा प्रिंटर घ्यावा. शिष्यवृत्तीच्या निधीला हात लावून तो घ्यावा काय, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे आला.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. १९४८ पर्यंत, निजामी राजवटीत, आपल्या जिल्ह्यात सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. ती न येणाऱ्या मराठी शेतकऱ्याला अर्ज करावयाचा तर तो दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा लागे. आपले म्हणणे त्यात बरोबर उतरले की नाही, हे त्याला कळत नसे. संगणकाची मुख्य प्रणाली आणि प्रिंटर यांच्या भाषाही अशाच भिन्न असतात. त्यांच्यामधील दुभाषा म्हणजे ड्रायव्हर होय. दुभाष्याने काम सोडले आणि त्याची विद्याही गुप्त राहिली, तर चांगले यंत्रसुद्धा मुके होते.

हीच अडचण १९८० च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांना आली. त्यांच्या प्रयोगशाळेतील प्रिंटरमध्ये कागद अडकला, तरी दूर बसलेल्यास ते कळत नसे. ही उणीव दूर करण्यासाठी त्यांनी मूळ आज्ञावली मागितली. ती त्यांना नाकारण्यात आली. पुढे १९८३ मध्ये त्यांनी एक संकल्प जाहीर केला. बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये जन्मलेल्या युनिक्सच्या धर्तीची, परंतु सर्वांस वाचता व सुधारता येईल अशी प्रणाली रचावयाची, हा तो संकल्प. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्या धर्तीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. तोच लिनक्स. आपल्यापैकी अनेकांच्या खिशातील अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतात. त्या गाभ्याचा अर्ध्याहून अधिक भाग आज ड्रायव्हरांचाच आहे.

आपल्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने परवानगी घेऊन कार्यालयातील संगणकावर लिनक्स बसविले. प्रिंटर ओळखला गेला. पण एक पान छापून थांबू लागला. प्रत्येक उपकरण आपला निर्मातृक्रमांक आणि वस्तुक्रमांक संगणकास सांगते. विक्षिप्त वागणाऱ्या प्रिंटरांची अशा क्रमांकांनिशी एक यादी छपाईव्यवस्थेत उघडी ठेवलेली असते. मुलाने ती वाचली, तिच्यात एक ओळ वाढविली आणि प्रिंटर सुरळीत चालू लागला. निधी वाचला, याचा आनंद झालाच. परंतु कुलूप नसलेले दार आमच्या मुलाने स्वतः उघडले, याचा आनंद त्याहून मोठा होता.

नंतर सभासदांची यादी छापावयाची वेळ आली. तेथे दुसरी अडचण निघाली. संगणकाच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच नंतर येतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे असल्यामुळे अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात जातात. आपल्या वर्णमालेत मात्र ती शेवटी. त्यामुळे क्षीरसागर वरच्या पानावर आणि ज्ञानदेव झुंबरच्या आधी, असा घोटाळा झाला. युनिक्सच्या परंपरेत लहान लहान अवजारे असतात. प्रत्येकाने एकच काम नीट करावे आणि आपले फळ पुढच्याच्या हाती द्यावे, अशी तेथील रीत आहे. त्या रीतीने मुलाने नावे मराठी क्रमाने लावणारे एक छोटे अवजार लिहिले. हे काम दूरदेशीच्या माणसास सुचणे कठीण. ज्याच्या घरी ‘ळ’ आहे, त्यालाच त्याची उणीव जाणवते.

प्रिंटरची ती ओळ त्याने त्या प्रकल्पाच्या सांभाळकर्त्यांकडे पाठविली. पहिल्या खेपेस ती परत आली. दोष कसा आढळला, चाचणी कशी केली, याचा खुलासा अपुरा होता. मुलगा हिरमुसला. तेव्हा आम्ही त्याला आपल्याच जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांची आठवण दिली. काकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले. नामदेव रुसले, पण पुढे गुरूकडे जाऊन पक्के झाले, अशी कथा आहे. मुलाने खुलासा पुन्हा लिहिला. दुसऱ्या खेपेस ओळ स्वीकारली गेली. त्या व्यवहारात त्याचे कूळ, आडनाव वा गाव कोणी विचारले नाही. मडके तेवढे वाजवून पाहिले. ज्ञातीच्या या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही, उलट समाधान वाटते.

यात पोट कसे भरावयाचे, असे पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु लिनक्सच्या गाभ्यावर आज काम करणारे बहुतेक जण कंपन्यांचे पगारदार आहेत, आणि स्वीकारलेल्या कामाची नोंद कर्त्याच्या नावानिशी जगापुढे उघडी राहते. दाखल्यांच्या बरोबरीने तीही मुलाच्या उपयोगी पडू शकते.

म्हणून मंडळास आमची एकच विनंती आहे. वह्या-पुस्तकांप्रमाणे वसतिगृहात एक-दोन जुने संगणक या खुल्या प्रणालीनिशी ठेवावेत. आपल्या घरी पडून असलेला संगणक भंगारात न देता मंडळास द्यावा. आणि मुलाने किंवा मुलीने तो उघडून पाहिला, प्रसंगी बिघडविला, तरी रागावू नये. आमच्या आजोबांना अर्ज दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा लागला. नातवंडांना यंत्राशी बोलण्यासाठी तरी कोणाच्या दारी उभे राहावे लागू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.