कबुलीची किंमत



१६९२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत, सेलमच्या परिसरात, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत १९ माणसांना फासावर चढविण्यात आले. त्यांपैकी १४ स्त्रिया होत्या. जाइल्स कोरी नावाचा वृद्ध शेतकरी खटल्याला सामोरा जाण्यास तयार होईना, म्हणून त्याच्या छातीवर दगडांची रास रचण्यात आली आणि तिच्याखालीच त्याचा अंत झाला. आणखी निदान ५ जण तुरुंगात मेले. दीडशेहून अधिक लोकांवर आरोप होता तो एकच, सैतानाशी संधान बांधून चेटूक केल्याचा. या हकिकतीत भयानक असे पुष्कळ आहे. परंतु सर्वांत विलक्षण गोष्ट निराळीच आहे. ज्यांनी गुन्हा कबूल केला आणि कबुली कायम ठेवली, त्यांपैकी एकालाही फाशी झाली नाही. फासावर गेले ते गुन्हा नाकारणारे. सॅम्युएल वॉर्डवेल या सुताराने आधी कबुली दिली, पुढे ती मागे घेतली, आणि २२ सप्टेंबर रोजी त्यालाही फाशी देण्यात आले. खोटे बोलणाऱ्याला जीवदान आणि खरे बोलणाऱ्याला दोर, असा तो न्याय होता.

आर्थर मिलर यांच्या ‘द क्रुसिबल’ या नाटकाचा सारा डोलारा या उफराट्या न्यायावर उभा आहे. क्रुसिबल म्हणजे मूस. सोनार धातू वितळवितो ती. न्यूयॉर्कला २२ जानेवारी १९५३ रोजी या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हापासून जगात ते सतत कोठे ना कोठे होत आले आहे. ‘चेटकिणींच्या खटल्यांवरचे नाटक’ अशी त्याची ओळख करून दिली जाते. वस्तुतः चेटूक या नाटकात जवळजवळ नाहीच. रात्री रानात नाचताना पकडल्या गेलेल्या मुली आहेत, त्यांचे भेदरणे आहे, आणि त्या भीतीला हत्यार बनविणारी मोठी माणसे आहेत. थॉमस पुटनमला शेजाऱ्याची जमीन हवी आहे. रेव्हरंड पॅरिसला आपले आसन टिकवायचे आहे. चेटकीण ठरविण्याच्या आड बहुधा जमीन असते, हे सातपुड्याच्या पाड्यांत ‘डाकीण’ प्रथेविरुद्ध काम केलेल्या कार्यकर्त्यांना कोणी नाटकातून शिकवावे लागणार नाही.

मात्र मिलर यांची दृष्टी जमिनीवरून लवकरच कबुलीकडे वळते. या कबुलीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात माणसाने स्वतःला दोषी म्हणायचे आणि दुसऱ्यात आणखी कोणाकोणाला पाहिले ते सांगायचे. पहिल्या अंकात चाबकाच्या धाकाने टिट्यूबा ही गुलाम स्त्री कबूल होते. तिला लगेच नावे विचारली जातात. ती दोन बायकांची नावे घेते, आणि ती दोन नावे तोंडातून निघाल्यावरच तिचा पश्चात्ताप खरा मानला जातो. मग मुलींच्या तोंडून नावांची रांग सुरू होते.

हे मिलर यांना सेलमच्या दप्तरांतून सापडले, परंतु ते शोधायला त्यांना त्यांच्या काळाने पाठविले होते. एप्रिल १९५२ मध्ये त्यांचे मित्र इलिया कझान यांनी प्रतिनिधिगृहाच्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया’ चौकशी समितीपुढे आपल्या जुन्या कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावे सांगितली. मिलर यांची दोन मोठी नाटके रंगमंचावर आणणारा दिग्दर्शक हाच. समितीला ती नावे बहुतांशी आधीपासून ठाऊक होती; माहिती मिळविणे हा तिचा हेतू नव्हताच. माणसाने चारचौघांत आपल्या मित्राकडे बोट दाखवावे, एवढेच तिला हवे होते.

मिलर यांचा रोख अमेरिकेवर होता, आणि समाजवाद्यांना ते सोयीचे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि जो समाजवादी हे नाटक पाहून केवळ सिनेटर मॅकार्थीवर दात-ओठ खातो, त्याने ते अर्धेच पाहिले. कबुलीच्या राजकारणाचा सर्वांत भीषण प्रयोग १९३६ ते १९३८ या काळात मॉस्कोत झाला होता. तेथे क्रांतीच्या अग्रणींनी भर न्यायालयात स्वतःला देशद्रोही म्हणवून घेतले आणि सहकाऱ्यांची नावे घेतली. मॉस्कोत मात्र कबुलीने जीवही वाचत नसे. मिलर हे नाटक लिहीत होते त्याच वर्षी, नोव्हेंबर १९५२ मध्ये, प्रागला स्लान्स्की आणि त्यांचे १३ सहआरोपी उभे होते. डिसेंबरमध्ये त्यांतील ११ जणांना फाशी झाली. १९८१ मध्ये ‘द क्रुसिबल’ शांघायला झाले, तेव्हा तेथल्या प्रेक्षकाला अमेरिकेचा इतिहास ठाऊक असण्याची गरज पडली नाही. सांस्कृतिक क्रांतीत साडेसहा वर्षे तुरुंगात काढलेल्या न्येन चेंग यांनी मिलर यांना सांगितले होते की, हे नाटक चिनी नसलेल्या माणसाने लिहिले यावर त्यांचा विश्वास बसेना.

या मुशीत पडलेल्या माणसांत पहिला जॉन प्रॉक्टर. तो शेतकरी आहे, तापट आहे, पॅरिसच्या प्रवचनांना कंटाळलेला आहे. घरी कामाला असलेल्या ॲबिगेलशी त्याचा संबंध आला होता आणि पत्नी एलिझाबेथला ते कळले आहे. मुली ढोंग करीत आहेत हे त्याला आरंभीच उमगते. खुद्द ॲबिगेलनेच त्याला ते सांगितलेले असते. तरीही तो गप्प राहतो, कारण बोलायला गेले तर ती एकांतात भेटली होती हे सांगावे लागेल. प्रॉक्टरचा पहिला अपराध व्यभिचाराचा. परंतु गावाला महाग पडला तो दुसरा, या मौनाचा. आपली अब्रू झाकणारा माणूस दुसऱ्याच्या मदतीला वेळेवर पोहोचत नाही, हे मिलर यांनी एकही उपदेशाचे वाक्य न लिहिता दाखविले आहे. हेल हा धर्मोपदेशक त्याला दहा आज्ञा म्हणून दाखवायला सांगतो, तेव्हा त्याला नऊ आठवतात. जी आठवत नाही ती एलिझाबेथ हळूच सुचविते.

प्रॉक्टरच्या परिवर्तनाची चर्चा बहुधा शेवटच्या अंकापुरती होते. ती तिसऱ्या अंकापासून व्हायला हवी. एलिझाबेथला पकडून नेले आहे आणि तो तिला सोडविण्यासाठी न्यायालयात आला आहे. डॅनफर्थ हा न्यायाधीश त्याला सांगतो की, ती गरोदर असल्याचे म्हणते आहे, म्हणजे निदान वर्षभर तिच्या जिवाला धोका नाही. मग आता तो आपली तक्रार मागे घेईल काय? प्रॉक्टर क्षणभर घुटमळतो. ज्या कामासाठी तो घरून निघाला ते झालेले असते. परंतु शेजारी जाइल्स कोरी आणि फ्रान्सिस नर्स उभे असतात, आणि त्यांच्या बायकाही कोठडीत असतात. तो माघार घेत नाही. या घुटमळण्यात नाटकाचा कणा आहे. बायकोसाठी आलेला माणूस येथे शेजाऱ्यांसाठी थांबतो, आणि थांबल्यामुळेच पुढे त्याला आपले पाप भर न्यायालयात उघडे करावे लागते. इतके दिवस जे नाव त्याने जपले ते तो स्वतः धुळीत टाकतो, आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. पडताळ्यासाठी एलिझाबेथला बोलावतात, आणि आयुष्यात कधी खोटे न बोललेली ती बाई नवऱ्याची अब्रू राखण्यासाठी त्याच क्षणी खोटे बोलते.

डॅनफर्थ हा दुष्ट माणूस नाही. तसा असता तर नाटक सोपे झाले असते. तो पुरावा वाचतो, शंका विचारतो, लाच घेत नाही. आरोपी स्त्रियांच्या सचोटीची ग्वाही देणारे ९१ शेतकऱ्यांच्या सह्यांचे निवेदन त्याच्यापुढे येते, तेव्हा तो सह्या करणाऱ्या प्रत्येकाला चौकशीसाठी आणण्याचा हुकूम सोडतो. अखेरच्या अंकात ॲबिगेल चुलत्याचे पैसे चोरून पळाली आहे, शेजारच्या अँडोव्हरमध्ये लोक उठल्याच्या वार्ता आहेत, मालक तुरुंगात गेल्यामुळे गुरे रस्त्यांवर मोकाट फिरत आहेत. खटल्यात काहीतरी चुकले हे आता आंधळ्यालाही दिसावे. तरी डॅनफर्थ फाशी लांबवीत नाही. याच आरोपाखाली आधी १२ जणांना फाशी दिलेली आहे. आता उरलेल्यांना थांबविले तर त्या बारांचे काय, असा त्याचा हिशेब आहे. सत्ताधाऱ्यांच्या, आणि पक्षांच्याही, कितीतरी हट्टांचे मूळ या हिशेबात सापडेल. (इतिहासातला डॅनफर्थ त्या न्यायालयाचा सदस्यही नव्हता. खरा मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन होता.)

हेल बदलतो. जाडजूड ग्रंथांचे ओझे उचलून, सैतान ओळखण्याची विद्या घेऊन तो गावात येतो. त्याच हाताने त्याने मृत्युदंडाच्या हुकुमांवर सह्या केल्या आहेत. तिसऱ्या अंकाच्या शेवटी तो न्यायालयाचा धिक्कार करून बाहेर पडतो आणि चौथ्या अंकात परत येतो तो कैद्यांना खोटी कबुली देण्याचा आग्रह करायला. जीव देवाने दिला आहे, कोणत्याही तत्त्वासाठी तो टाकू नये, असे त्याचे म्हणणे. त्याला भ्याड म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण त्याच्या बाजूला दया आहे आणि अपराधाची खरी बोचही आहे. इतिहासातल्या हेलचे मन पालटले ते त्याच्या स्वतःच्या पत्नीवर बोट दाखविले गेल्यानंतर. बहुतेक माणसांची मने अशीच पालटतात, आणि मिलर यांनी हेलला त्याहून थोडे उजळ रंगविले आहे असे म्हणायला जागा आहे.

नाटकात दुबळे भाग आहेतच. खरी ॲबिगेल ११-१२ वर्षांची होती आणि खरा प्रॉक्टर साठीचा. मिलर यांनी तिला सतरा वर्षांची केले, त्याला तिशीत आणले आणि त्यांच्यात वासनेची गाठ घातली. त्यामुळे एका पोरीच्या मत्सराने गाव पेटले असे वाटू लागते आणि जमीन, धर्मसत्ता, गटबाजी ही कारणे मागे सरकतात. टिट्यूबा तर पहिल्या अंकानंतर जवळजवळ विसरलीच जाते. हे आक्षेप खरे आहेत. पण निष्पाप प्रॉक्टर रिबेका नर्ससारखा पहिल्या घटकेपासून अढळ राहिला असता. रिबेका वंदनीय आहे, पण तिला बदलावे लागत नाही.

प्रॉक्टर शेवटी कबुली द्यायला तयार होतो, आणि त्याचे कारण केवळ भीती नाही. आपण पापी, संताच्या थाटात फासावर जाणे हेच ढोंग ठरेल, असे त्याला वाटते. एलिझाबेथ त्याला काहीही करायला सांगत नाही. उलट आपल्या कोरडेपणाचाही घरातल्या दुराव्यात वाटा होता, असे ती कबूल करते. साऱ्या नाटकात कोणी न मागता दिलेली खरी कबुली हीच. मग तो तोंडी कबूल होतो. नावे विचारताच मात्र आपल्या पापापुरतेच बोलेन, म्हणतो. डॅनफर्थ तेही सोडून देतो. सहीही होते. प्रश्न उरतो कागदाचा. तो चर्चच्या दारावर लावायचा आहे, म्हणजे त्याच सकाळी फासावर जाणाऱ्या रिबेकाच्या आणि मार्था कोरीच्या विरुद्ध तो पुरावा होणार आहे. येथे त्याला उमगते की, नाव घेतले नाही तरी आपल्या सहीने त्यांना दगा दिला जात आहे. तो कागद फाडून टाकतो. अब्रूपायी जे नाव पहिल्या अंकात त्याला गप्प बसवीत होते, तेच आता त्याला वधस्तंभाकडे नेते. मधल्या काळात त्या नावाला शेजारी चिकटले आहेत.

खऱ्या प्रॉक्टरने २३ जुलै १६९२ रोजी तुरुंगातून बोस्टनच्या धर्मोपदेशकांना पत्र लिहिले होते. कबुल्या कशा मिळविल्या जातात ते त्यात आहे. त्याच्या मुलाची मान आणि टाचा एकत्र बांधून, नाकातून रक्त येईपर्यंत त्याला ठेवले होते. १९ ऑगस्टला प्रॉक्टरला फाशी झाली. मिलर यांना समितीने जून १९५६ मध्ये बोलावले आणि वर्षांपूर्वीच्या एका बैठकीला कोण कोण होते ते विचारले. स्वतःविषयी ते बोलले. इतरांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. १९५७ मध्ये त्यांना ५०० डॉलर दंड आणि स्थगित कैदेची शिक्षा झाली. ती १९५८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने रद्द केली.

सेलमच्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सीवॉल १६९७ च्या जानेवारीत बोस्टनच्या चर्चमध्ये सर्वांदेखत उभा राहिला आणि आपल्या अपराधाची कबुली त्याने वाचून घेतली. स्टॉटन १७०१ मध्ये मरण पावला; त्याने जाहीरपणे खेदाचा एक शब्दही काढला नाही. दोषी ठरलेल्यांपैकी शेवटची स्त्री एलिझाबेथ जॉन्सन. ती फाशीतून वाचली होती, पण दोषमुक्त झालेली नव्हती. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिचे नाव २०२२ साली निर्दोष ठरविले. त्यासाठी पाठपुरावा केला होता तो आठवीच्या वर्गातील मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने.