बाद झालेल्या मुलांचा तास



अध्यक्षांनी सुरुवातीला ‘मी या पदाला लायक नाही’ असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. शाळेत धावण्याच्या शर्यतीत मी नेहमी शेवटून दुसरी यायचे, आणि शेवटची यायची ती मुलगी मधेच बसकण मारायची. तरीही खेळावर बोलायला तुम्ही मला उभं केलंत. शेवटून दुसऱ्या येणाऱ्यांच्या वतीनंही कुणीतरी बोलायला हवंच.

आपण प्राथमिक शिक्षक मुंबईतल्या पार्ल्यात जमलो आहोत. लोकमान्य गेले १९२० साली. लगेच १९२१ मध्ये इथे त्यांच्या नावानं पार्ले टिळक विद्यालय उभं राहिलं, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. गावाला टिळकांचं वेड, आणि ते आजही आहे. पण टिळकांची एक गोष्ट आपण पालकसभेत सहसा सांगत नाही. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी तब्येत कमावण्यात घालवलं. कुस्ती, पोहणं, व्यायाम. परीक्षेत नापास झाले. आज कुणा मुलानं असं वर्ष काढलं तर त्याचे आईवडील दुसऱ्या दिवशी क्लासवाल्यांच्या दारात दिसतील!

आपल्या शाळांतही खेळाचं तेच. मी पहिली ते चौथीला शिकवत आले. शाळा लहान. मधल्या अंगणात पेव्हर ब्लॉक, कडेला शिक्षकांच्या स्कूटरी, वरून विमान गेलं की ‘सावधान’ कुणाला ऐकूच जायचं नाही. वेळापत्रकात खेळाचे तास व्यवस्थित लिहिलेले. त्यातला एखादा गणितानं उसना घ्यायचा आणि ती उसनवारी कधी फिटायची नाही. उसना घेणाऱ्यांत मीही होते, हे कबूल करते.

उरलेल्या तासात आम्ही काय करायचो? एकदा मला ते नीट बघायची बुद्धी झाली. पस्तीस मिनिटांचा तास. मी दुसरीतली एक मुलगी निवडली आणि घड्याळाकडे बघत राहिले. रांग लावण्यात आणि गट पाडण्यात दहा मिनिटं गेली. पकडापकडीत ती पहिल्याच फटक्यात बाद झाली आणि भिंतीला टेकून बसली. मग दुसरा डाव, पुन्हा तेच. त्या तासात ती जेमतेम चार मिनिटं धावली. उरलेला वेळ ती वेणीची रिबीन सोडत आणि बांधत होती. त्या दिवसापासून जागेच्या नावानं रडणं मी कमी केलं. जागा कमी होतीच, पण त्या मुलीला मी बसवलं होतं, अंगणानं नव्हे.

लहान मुलांच्या खेळातला ‘बाद’ हा शब्द आपण मोठ्यांच्या सामन्यातून आणला. ज्याला धावायची सर्वांत जास्त गरज, तो सर्वांत आधी बसतो. चपळ पोरं शेवटपर्यंत खेळतात आणि आणखी चपळ होतात.

खो-खोवर माझं प्रेम आहे, गैरसमज नको. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या दिवशी मीही पेढे वाटले. पण तीस मुलांचा वर्ग घ्या आणि नियमाप्रमाणे डाव मांडा. एक जण पाठलाग करतो, आठ जण चौकात बसतात, तिघं पळतात आणि अठरा जण बाहेर उभे राहून ओरडतात. तिसांत चार हलले! सातवी-आठवीच्या संघाला हे ठीक आहे. दुसरीच्या मुलांचा तास यात कसा घालवायचा?

उत्तर आपल्या आज्यांनी देऊन ठेवलं आहे. विषामृत आठवा. ‘विष’ मिळालेलं पोर जागीच थिजतं, पण कुणी ‘अमृत’ म्हणून हात लावला की पुन्हा पळत सुटतं. तिथे कायमचं बाद कुणी होत नाही, शिवाय दुसऱ्याला सोडवायला जाण्यात वेगळीच मजा. साखळीत तर सापडलेलं मूल साखळीलाच जोडलं जातं, म्हणजे हरल्यावर जास्त पळायचं! लंगडीला खडूनं आखलेला छोटा चौकोन पुरतो. एका अंगणात तीन चौकोन आखा, तीन गट पाडा, सगळा वर्ग एकदम खेळता होतो. नवं साहित्य म्हणून लागतो फक्त खडू, आणि तो आपल्या हाताला एरवीही लागलेलाच असतो.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरात एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी २०१२ मध्ये असंच सोपं काही केलं. रोज पंधरा मिनिटं सगळ्या मुलांनी शाळेच्या आवाराभोवती धावायचं किंवा चालायचं, वर्गातल्याच कपड्यांत. शर्यत नाही, बक्षीस नाही. तो ‘डेली माइल’ पुढे देशोदेशी गेला. आपल्या अंगणात मैलभर धावायचं तर पोरांना भोवळ येईल. पण ‘रोज’ आणि ‘सगळ्यांनी’ हे दोन शब्द उचलायला काय हरकत आहे? जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटं अंगमेहनत सांगते. इथल्या प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुलात पोहायला जाणाऱ्या किंवा संध्याकाळी दुभाषी मैदानावर दिसणाऱ्या मुलांची मला तितकीशी काळजी वाटत नाही. ज्याची आई चार घरची कामं करून रात्री परतते, त्या मुलाला शाळेतला तास हेच मैदान.

आता थोडं शासनाबद्दल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान आणि वर्गाला खेळाचं साहित्य हवं असं लिहिलं आहे. पण शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभरावर पट असेल तर. पहिली ते पाचवीला वर्गशिक्षकच सगळं. म्हणजे ज्या वयात तोल, उडी, झेल शिकायचे त्या वयात शिकवायला जाणकार माणूस नाही. जवळच्या तीन-चार लहान शाळांना मिळून एक फिरता शारीरिक शिक्षक द्यावा, ही मागणी आजच्या ठरावांत घ्या. तो येईल तेव्हा येईल. तोवर आपणच आहोत.

आणि एक गोष्ट आपल्याच हातची. वर्गात दंगा केला की आपण म्हणतो, ‘आज तू खेळायचं नाहीस.’ गृहपाठ विसरला की म्हणतो, ‘काढ दहा उठाबशा.’ खेळ काढून घेणं ही शिक्षा आणि व्यायाम करायला लावणं हीसुद्धा शिक्षा! दंगा करतं ते पोर बहुधा हलायला तहानलेलं असतं. या दोन्ही शिक्षा मी नोकरीच्या उत्तरार्धात सोडल्या. थोड्या आधी सोडायला हव्या होत्या.

पावसाचं कारण तेवढं देऊ नका. जून ते सप्टेंबर म्हणजे जवळजवळ आपलं पहिलं सत्रच. बाकं भिंतीला लावली की सूर्यनमस्काराला आणि लेझमीला जागा होते. खाली वर्ग भरला असेल तर दोरीउड्या मात्र व्हरांड्यात.

क्रीडामहोत्सव जरूर करा, लिंबू-चमचाही ठेवा; आजोबांना फोटो काढायला तेवढंच निमित्त. पण चषकांच्या कपाटावरून शाळेचा खेळ मोजू नका.

माझं मागणं एवढंच. येत्या सोमवारी खेळाच्या तासाला एक मूल निवडा, शक्यतो मागे राहणारं. त्याला कळू न देता घड्याळ लावा आणि ते किती मिनिटं हललं ते वहीत टिपा. पुढच्या वर्षी इथे याल तेव्हा भाषण आणू नका, ती वही आणा.