तीन खाडे



2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की सरकारी नोंदी संगणकावर आणा, देशभर जोडा. त्यातच एक पळवाट आहे: साधनं उपलब्ध असतील त्याप्रमाणे. खर्चाचं रडगाणं तिथूनच सुरू होतं. स्कॅनर, सर्व्हर, मोडी वाचणारी माणसं, दरवर्षीची देखभाल. हा खर्च खरा आहे, मी नाकारत नाही.

पण दुसरा खर्च कोण मांडतं? महाराष्ट्रात जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. माझ्या आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा काढायला वडिलांनी कामावर तीन खाडे केले. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी रजिस्टर सापडेना, ते भलत्याच शाळेत निघालं. उताऱ्याची फी किरकोळ होती हो! तीन दिवसांची मजुरी, एसटीचं भाडं, माझा प्रवेश रद्द होण्याची धास्ती, हे कुठल्या अंदाजपत्रकात आलं?

नुसतं स्कॅन करूनही भागत नाही. फोटोसारख्या पीडीएफमध्ये नाव शोधता येत नाही, अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तिथे मुका होतो. शिवाय त्या रजिस्टरात प्रत्येक नावासमोर जात लिहिलेली आहे. ती पानं अख्ख्या जगासमोर उघडावीत असं मला, खरं सांगते, वाटत नाही. उतारा घरच्यांनाच मिळावा. पण कोणत्या शाळेचं, कोणत्या सालाचं रजिस्टर कुठे ठेवलंय, एवढी यादी जरी ऑनलाइन असती, तरी वडिलांचे दोन खाडे वाचले असते.