तेल कोठे जाते? : प्रतिकृती विमानांच्या फोर-स्ट्रोक इंजिनांविषयी



स्मृतिव्याख्यान म्हटले की शिक्षण, समाज, संस्कृती असे भारदस्त विषय अपेक्षित असतात. मी आज मुठीत मावणाऱ्या एका इंजिनाविषयी बोलणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते विज्ञानाचे शिक्षक होते, आणि यंत्र बिघडले की त्याची कोणती वाट बंद झाली हे आधी पाहावे, अशी त्यांची शिस्त होती. त्या शिस्तीला धरून आजचे विवेचन एकाच प्रश्नाभोवती ठेवतो. रेडिओने चालणाऱ्या प्रतिकृती विमानाच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तेल येते कोठून आणि जाते कोठे? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट ठाऊक असेल, त्याला या इंजिनाची निगा वेगळी शिकवावी लागत नाही.

फोर-स्ट्रोक इंजिन आपल्या भागाला नवखे नाही. निपाणीकडच्या मळ्यांत विहिरीवर डिझेलचे इंजिन कित्येक वर्षे धडधडत होते. टॅपेट वाजू लागले की ते दूर बांधावरूनही ओळखणारे शेतकरी आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे नांगर आणि चारा कापण्याची यंत्रे करीत करीत ते १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीला गेले. आज उद्यमबागेतील ओतशाळा आणि यंत्रशाळा इंजिनांचे सुटे भाग घडवितात. तेथील कामगार आपसात मराठी बोलो वा कानडी, पिस्टन, रिंग, टॅपेट, क्रँक हे शब्द दोन्हीकडे सारखेच चालतात. म्हणून या विषयाची परिभाषा आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

निकोलाउस ऑटो यांनी शोषण, दाब, स्फोट आणि निष्कासन या चार धावांचे इंजिन १८७६ मध्ये यशस्वी केले. प्रतिकृती विमानांसाठी तेच तत्त्व वापरणारे इंजिन बाजारात आणले ओसाकाच्या ओ.एस. या जपानी कंपनीने, आणि तेही बरोबर शंभर वर्षांनी, १९७६ मध्ये. त्याची क्षमता ०.६० घन इंच, म्हणजे सुमारे दहा सीसी. तोवर छंदिष्टांचे काम टू-स्ट्रोक इंजिनावर उत्तम चालले होते. त्याला झडपा नाहीत, कॅम नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. फोर-स्ट्रोकचे आकर्षण दोन गोष्टींत आहे. ते कमी फेऱ्यांवर मोठा पंखा ओढते आणि त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, खऱ्या विमानाची आठवण करून देणारा असतो. टू-स्ट्रोकचा कर्कश सूर ज्याने गावाजवळच्या माळावर ऐकला असेल, त्याला या दुसऱ्या गुणाचे मोल पटेल. निदान शेजाऱ्यांना पटेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विहिरीवरच्या इंजिनाला खाली तेलाची टाकी असते. तेथून तेल बेअरिंगला आणि पिस्टनला पोचते, पुन्हा खाली येते, आणि काळे पडले की आपण ते बदलतो. प्रतिकृतीच्या इंजिनात अशी टाकी नसते, तेलाचा पंपही नसतो. तेल इंधनातच मिसळलेले असते. आपल्याकडे सर्वांत सोपे आणि विश्वासाचे मिश्रण म्हणजे ऐंशी भाग मिथेनॉल आणि वीस भाग एरंडेल. काही ठिकाणी त्यात नायट्रोमिथेन घालतात. संथ चाल त्याने सुधारते, पण ते नसले तरी इंजिन चालते. टाकीत २०० मिलिलिटर इंधन भरले तर त्यात ४० मिलिलिटर एरंडेल असते आणि इंजिनाचे सारे वंगण तेवढेच.

टू-स्ट्रोकमध्ये हे मिश्रण आधी क्रँकच्या कोठीत शिरते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे बेअरिंगे प्रत्येक फेरीला ताज्या तेलाने धुतली जातात. फोर-स्ट्रोकमध्ये, थोडे अपवाद सोडता, मिश्रण कार्ब्युरेटरमधून झडपेवाटे थेट सिलिंडरमध्ये जाते. क्रँकची कोठी त्याच्या वाटेवर येतच नाही. मग खालच्या बेअरिंगला आणि कॅमला तेल मिळते कसे? पिस्टनच्या रिंगेच्या फटीतून जे थोडेसे निसटून खाली झिरपते, तेवढ्यावरच त्यांची गुजराण चालते. उरलेले बहुतेक तेल सायलेन्सरमधून बाहेर पडून विमानाच्या पंखावर चिकटते. कोठीत उतरलेले तेल एका बारीक नळीने बाहेर टपकते. ती नळी म्हणजे इंजिनाचा श्वास. ती चिखलाने बुजली, दुमडली किंवा निरुपयोगी समजून कोणी बंद केली, तर तेलाची वाट बंद झाली असे समजावे.

खाली जे झिरपते ते शुद्ध तेल नसते, यातच खरी अडचण आहे. विद्यार्थ्यांनी समीकरण मांडून पाहावे. मिथेनॉलचे दोन रेणू पूर्ण जळले की पाण्याचे चार रेणू होतात. ६४ ग्रॅम मिथेनॉलपासून ७२ ग्रॅम पाणी! जाळलेल्या द्रवापेक्षा निर्माण झालेले पाणी वजनाने अधिक भरते. यातले बहुतेक वाफ होऊन निघून जाते, पण थोडे तेलाबरोबर कोठीत उतरते आणि अर्धवट जळालेल्या वायूंतील आम्ल सोबत नेते. मिथेनॉल स्वतःही हवेतला ओलावा शोषून घेते. क्रँकचे मागचे पोलादी बेअरिंग या ओलसर, आंबट तेलात बसून राहते.

या दोन वस्तुस्थितींतून निगेचे सर्व नियम निघतात. इंजिन चालू असताना त्याला तेल कमी पडू द्यायचे नाही, आणि थांबल्यावर ते जुने तेल आत राहू द्यायचे नाही.

पहिल्या नियमाचा संबंध इंधनाच्या सुईशी आहे. सुई उघडली की इंधन वाढते. त्याला आपण रिच म्हणतो. बंद करीत गेलो की हवा वरचढ होते, ते लीन. लीन इंजिन काही क्षण जोरात पळते आणि नवशिक्याला वाटते की आता सूर लागला. प्रत्यक्षात इंधनाबरोबर तेलही तोडलेले असते. शिवाय जास्तीचे मिथेनॉल बाष्प होताना जी उष्णता शोषून घेते तो थंडावाही गेलेला असतो. म्हणून सुई हळूहळू बंद करीत फेऱ्यांचा कळस गाठावा आणि तेथून पुन्हा उघडून दोन-तीनशे फेरे उतरवावेत. मग विमानाचे नाक आकाशाकडे धरून दहा-पंधरा सेकंद ऐकावे. आवाज खचला तर सुई आणखी थोडी उघडावी, कारण चढताना इंजिनाला टाकीतून इंधन वर ओढावे लागते. टाकीचा मध्य सुईच्या पातळीला किंवा किंचित खाली असावा, हेही याच कारणासाठी. नव्या इंजिनाच्या पहिल्या काही टाक्या रिच, थोड्या थोड्या वेळाने थांबवीत चालवाव्यात. या कामी घाई करणारा मनुष्य रिंग बसण्याआधीच ती घासून टाकतो.

बेळगावकरांसाठी यात एक विशेष सावधगिरी आहे. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर राहतो, आणि येथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो. येथे बसविलेली सुई तशीच ठेवून कोणी चोर्ला घाट उतरून गोव्यात विमान उडविले, तर तेथील दाट हवेत तेच इंजिन लीन होते. गोव्याहून वर आलेले इंजिन उलट रिच होऊन धूर काढते आणि मालक नाराज होतो, पण इंजिनाचे काही बिघडत नाही. एप्रिलच्या दुपारी लावलेली सुई डिसेंबरच्या थंड सकाळी तशीच चालविणे हाही याच जातीचा धोका आहे. सुई ही रोज पाहायची गोष्ट आहे. तिच्यावर रंगाची खूण करून निश्चिंत होणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांची इंजिनेही पाहिली आहेत.

झडपांविषयी थोडे सांगतो. पंखा मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक झडप सेकंदाला ७५ वेळा उघडते आणि मिटते. रॉकर आणि झडपेची दांडी यांच्यामध्ये केसाच्या जाडीएवढी फट लागते. इंजिनासोबत येणाऱ्या पुस्तिकेत तिचे माप दिलेले असते. अनेक इंजिनांत ते ०.०४ ते ०.१० मिलिमीटर असते. इंजिन थंड असताना पंखा हाताने फिरवावा, दाबाच्या धावेत पिस्टन वर आणून दोन्ही झडपा मिटल्याची खात्री करावी आणि फिलर गेजने माप घ्यावे. फट मुळीच नसेल तर झडप पुरती मिटत नाही, दाब निसटतो आणि इंजिन सुरू होण्यास खळखळ करते. फट फार झाली तर टॅपेट वाजते आणि जोर घटतो. उद्यमबागेतला कोणताही फिटर हे काम मोटारीवर रोज करतो. येथे फरक एवढाच की पाना लहान आणि धीर मोठा लागतो.

या इंजिनाला ठिणगी नसते. ग्लो प्लगची प्लॅटिनमयुक्त तार दीड व्होल्टच्या घटाने तापवून इंजिन सुरू करतात. मग घट काढला तरी मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्या रासायनिक क्रियेने व दाबाच्या उष्णतेने ती तापलेली राहते. येथे स्फोट एक फेरी सोडून होत असल्याने तार अधिक काळ तग धरणारी हवी. म्हणून फोर-स्ट्रोकसाठी केलेलाच प्लग घ्यावा.

पंख्याविषयी मात्र मी कठोर बोलणार आहे. बारा इंची पंखा १०,००० फेऱ्यांवर असताना त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ५७५ किलोमीटर असतो. फिरताना तो डोळ्यांना दिसत नाही. लीन फोर-स्ट्रोक अकाली स्फोटाने उलटा झटका देते, नट सैल होतो आणि पंखा उडून जातो. म्हणूनच त्यावर दुसरा, अडकवणीचा नट असतो आणि तो लावलाच पाहिजे. सुरू करण्यासाठी बोट वापरू नये, विजेचा स्टार्टर वापरावा. सुई फिरवावी ती मागे उभे राहून. पंख्याच्या प्रतलात कोणीही, विशेषतः कौतुकाने वाकलेली लहान मुले, उभी असू नयेत. मिथेनॉल विष आहे, त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि ते बाळगण्यावर कायद्याची बंधने आहेत. कोणत्याही शाळेने ते विद्यार्थ्यांच्या हाती सोडू नये.

आता दुसरा नियम. माझ्या पाहण्यात आलेली बहुतेक फोर-स्ट्रोक इंजिने आकाशात मेली नाहीत, ती कपाटात मेली. मे महिन्यात शेवटचे उड्डाण होते, इंजिन पुसून ठेवले जाते आणि मग आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि धुके सुरू होते. दसऱ्याला पंखा फिरवावा तर आत वाळू भरल्यासारखा खरखराट येतो. ते बेअरिंगवर चढलेल्या गंजाचे बोलणे असते. उपाय पाच मिनिटांचा आहे. शेवटच्या उड्डाणानंतर इंधनाची नळी काढून इंजिन कोरडे होईपर्यंत चालवावे. मग प्लग काढून सिलिंडरमध्ये आणि श्वासनळीतून कोठीत हलक्या यंत्रतेलाचे काही थेंब सोडावेत, पंखा हाताने फिरवून ते सर्वत्र पोचवावे, जादा तेल निथळू द्यावे आणि इंजिन कापडात गुंडाळून ठेवावे. पावसाळ्यात एकदा पुन्हा फिरवून पाहिले तर उत्तम. केवळ एरंडेल वापरलेले इंजिन वर्षभर पडून राहिले की आतून डिंकासारखे आवळते. अशा इंजिनाला पकड लावून जबरदस्ती करू नये. मंद ऊब दिली की एरंडेल सैल होते आणि क्रँक आपसूक सुटतो.

नव्या विद्यार्थ्याने फोर-स्ट्रोकपासून सुरुवात करावी असे मी म्हणणार नाही. विजेवर चालणारे विमान स्वस्त, स्वच्छ आणि कमी धोक्याचे आहे. एन.सी.सी.च्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे. ज्यांना संधी मिळेल त्यांनी तेथे शिकावे. उडविण्याच्या जागेबाबत २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय नकाशा पाहणे आवश्यक आहे. सांब्र्याला विमानतळ आणि वायुदलाचे केंद्र असल्याने बेळगावच्या परिसरात ही चौकशी कोणी टाळू नये. पण विजेच्या मोटारीत कान लावून ऐकण्यासारखे थोडेच असते. शोषण, दाब, स्फोट, निष्कासन हे चार शब्द पाठ करणारा मुलगा जेव्हा स्वतःच्या बोटांनी पंखा फिरवून एकदा आड, एकदा घट्ट असा फरक अनुभवतो, तेव्हा तो धडा त्याला पुस्तकात पुन्हा शोधावा लागत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी माळ्यावर अशी इंजिने असतील. ती भंगारात घालण्यापूर्वी प्रयोगशाळेकडे द्यावीत, अशी माझी विनंती आहे. चालत नसली तरी हरकत नाही. उघडून दाखविण्यासाठी गंजलेले बेअरिंगच अधिक उपयोगी पडते.

प्रयोगशाळेच्या मेजावर असे एक इंजिन सुटे करून मांडले आहे. त्यात इंधन नाही आणि ते सुरू केले जाणार नाही. कॅमचे झाकण, रॉकर आणि श्वासनळी यांच्यापुढे चिठ्ठ्या लावल्या आहेत. मागचे बेअरिंग हातात घेऊन फिरवून पाहावे, आणि त्याच्या शेजारी ठेवलेले नवे बेअरिंगही. निघताना हात मात्र साबणाने धुवावेत, एरंडेल सहजासहजी जात नाही.