गाणे समोर बसून ऐकावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला गाता येत नाही, पेटीही वाजवता येत नाही. तरी मैफली ऐकण्याच्या अनुभवावर मी चार शब्द बोलावेत असा तुमचा आग्रह पडला, कारण दर डिसेंबरात मी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जाते. गाणारी एक असते आणि ऐकणाऱ्या शेकडो. तेव्हा ऐकणाऱ्यांच्या बाजूनेही कोणीतरी बोलावे, म्हणून उभी राहिले आहे.

हा उत्सव कसा सुरू झाला ते थोडक्यात सांगते. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व १९५२ साली वारले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून हा उत्सव चालवला. भीमसेनजी २०११ च्या जानेवारीत गेले, आणि आता उत्सवाला गुरुशिष्य दोघांचेही नाव आहे. पूर्वी रात्र रात्र गाणे चाले आणि भैरवीला उजाडे. पुढे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यावर बंधन आले आणि बैठका दुपारपासून भरू लागल्या. मध्यरात्रीचे राग मध्यरात्री ऐकायला मिळत नाहीत म्हणून जुनी माणसे हळहळतात, ते खरेच आहे. पण आम्हा घरच्या बायकांना दुपारची बैठक सोयीची झाली, हेही सांगितले पाहिजे.

एके काळी घरंदाज बाईने मैफलीत बसणे लोकांना रुचत नसे, आणि गाणाऱ्या बाईला तर समाजात मानच नव्हता. हिराबाई बडोदेकरांनी ही वाट मोकळी केली. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या अगदी पहिल्या गायिकांत त्या होत्या. साध्या वेषात, शांत बसून त्या गात. त्यांना ऐकायला घरच्या लेकीसुनांना घेऊन जाण्यात कोणाला संकोच वाटेना. आज आपण सतरंजीवर उजळ माथ्याने बसतो, त्यामागे या बाईंचे मोठे उपकार आहेत.

दुसऱ्या गंगूबाई हनगल. सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात. शाळेतले त्यांचे शिक्षण पाचवीपर्यंतचे. उलट प्रभाताई अत्रे विज्ञान आणि कायदा शिकलेल्या, संगीतातही डॉक्टर झालेल्या. गंगूबाई २००९ साली गेल्या, प्रभाताई २०२४ साली. दोघींनाही या उत्सवात लोकांनी सारख्याच मानाने ऐकले. स्वर काही शाळेचा दाखला मागत नाही, मग तो गाणारीकडे असो वा ऐकणारीकडे. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला याचा फार धीर वाटतो.

"गाणे रेडिओवर येते, आता तर मोबाइलवरही येते, मग इतक्या लांब कशाला जायचे?" असे मला पुष्कळजणी विचारतात. घरी आपण गाणे ऐकतो ते पोळ्या लाटताना. कुकरची शिट्टी झाली की तान बुडाली! समोर बसले की पहिल्यापासून सारे दिसते. तंबोरा लावायला इतका वेळ का लागतो, असे मला आधी वाटे. पण हवेतल्या गारव्याने, दमटपणाने तारा उतरतात नि चढतात. त्या एकमेकींशी जुळल्या की सारा मांडव भरून जातो. मग विलंबित ख्याल सुरू होतो. एकतालाच्या बारा मात्रा मला मोजता येत नाहीत. पण समेवर तबलजी आणि गवई एकमेकांकडे बघतात आणि शेजारच्या माना हलतात, त्यावरून सम कळू लागते. चारपाच आवर्तनांनंतर आपलीही मान आपोआप हलते. एखादी जागा गवई एकदा घेतो, मनासारखी येत नाही, पुन्हा घेतो, तिसऱ्यांदा ती सापडते, तेव्हा त्याच्या तोंडावर जो आनंद दिसतो तो मोबाइलवर कुठून दिसणार?

आमच्या शेजारच्या एक आजी माझ्याबरोबर आल्या होत्या. चाळीस वर्षे स्वयंपाकघरात रेडिओ ऐकलेल्या. त्या दिवशी पुरिया धनाश्री चालला होता. तो संपला तेव्हा त्या डोळे पुसत होत्या. मी विचारले, "आजी, घरची आठवण झाली का?" त्या म्हणाल्या, "नाही गं. लग्न झाल्यापासून एक गाणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत मी आजच ऐकलं. मधे कोणी हाक मारली नाही."

भगिनींनो, मला आज सांगायचे आहे ते हेच. रागाचे नाव ओळखता आले पाहिजे असे नाही. तीन तास कोणी हाक मारणार नाही अशी जागा बाईला मिळाली पाहिजे. तिकिटापेक्षा हे महाग आहे, कारण ते नुसत्या पैशाने मिळत नाही. घरच्यांनी आणि शेजारणींनी मिळून ते द्यावे लागते.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. भारतीय बैठकीची तिकिटे खुर्चीपेक्षा स्वस्त असतात. वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून येत्या डिसेंबरात आपण दोन तुकड्यांनी जावे. एक तुकडी गाण्याला गेली की दुसरीने तिच्या घरच्या मुलांना जेवू घालावे, म्हाताऱ्या माणसांची औषधे वेळेवर द्यावीत. दुसऱ्या दिवशी पाळी बदलावी. बरोबर सतरंजी, शाल आणि दशम्या घ्याव्यात. मोबाइल बंद ठेवावा, गाणे रंगात असताना उठू नये, आणि साडीच्या किमती मध्यंतरात विचाराव्यात!

ज्यांनी कधी गाणे समोर बसून ऐकले नाही अशांची नावे पहिल्या तुकडीत घ्यावीत. माझे नाव दुसऱ्या तुकडीत असले तरी चालेल.