पोलादावरचे फेरफार

आपण ज्या पिस्तुलाविषयी बोलणार आहोत ते जर्मन सैन्याने 1908मध्ये स्वीकारलं. जग त्याला लुगर म्हणतं, जर्मन लोक ‘पिस्तूल 08’. बनलं सैनिकांसाठी, पण पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य 1 लाखावर आणलं आणि यातली पुष्कळशी पिस्तुलं पोलिसांच्या कमरेला लागली.

संग्राहक आधी विचारतो, ‘सगळे भाग मूळचेच आहेत ना?’ पोलिसी पिस्तुलाच्या बाबतीत हा प्रश्न मला अपुरा वाटतो. विचारायला हवं ते असं: बदल कोणी केला, आणि कधी?

काडतूस बसतं त्या भागावर सालाचा ठसा असतो. समजा, तिथे 1917 आहे आणि जोडीला 1920. दुसरं साल घडणीचं नव्हे. 1920मध्ये सरकारने लोकांकडची शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा सरकारी मालकीचं हत्यार ओळखू यावं म्हणून तो आकडा मारला गेला. सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद चढते, तशीच ही नोंद. तिच्यामुळे उतारा खोटा ठरत नाही.

आता मुठीची पुढची पट्टी पाहा. प्रशियाच्या पोलिसांचे ठसे तिथे सापडतात. त्यातल्या ‘एस. डी.’ या अक्षरांनी फार गोंधळ घातला आहे. नाझींच्या गुप्तहेर खात्याचीही आद्याक्षरं हीच, म्हणून विक्रेते चढा भाव सांगतात. प्रत्यक्षात तो ठसा ड्यूसेलडॉर्फच्या शुट्झपोलिझाय, म्हणजे गणवेशातल्या पोलिसांचा. गस्तीवरच्या शिपायाचं पिस्तूल हेराच्या नावावर खपवणं हा मला त्या शिपायावरचा अन्याय वाटतो.

सर्वांत बोलका बदल डाव्या बाजूला आहे. चापाची हालचाल आत पोचवणारी तरफ एका छोट्या झाकणाखाली असते. ते झाकण काढलेलं असतानाही, आत काडतूस राहिलं असेल आणि बाजूची दांडी दाबली गेली, तर गोळी सुटू शकते. पिस्तूल साफ करणाऱ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ होता. म्हणून 1930च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसी पिस्तुलांवर पोलादाची एक चपटी पट्टी बसवली गेली. झाकण निघालं की ती दांडीला अडवते. पुढे अनेकांनी ती काढून टाकली. मागे उरलं ते बारीक भोक. आज त्या भोकाला ‘खोट’ म्हणून किंमत पाडली जाते. ते बुजवून वर नवा रंग चढवला, तर पिस्तूल पोलिसांत होतं याचा एक पुरावाच गेला.

सुट्या भागांवर बहुधा अनुक्रमांकाचे शेवटचे दोनच आकडे असतात. ते जुळले म्हणून हुरळून जाऊ नका. परक्या पिस्तुलाचा भागही शंभरात एकदा योगायोगाने जुळेल. उलट, जुना क्रमांक खोडून शेजारी नवा नीट मारलेला दिसला, तर ते शस्त्रागारातल्या कारागिराचं काम असण्याचा संभव मोठा. त्याला लपवायचं काही नव्हतं.

भिंग घ्या आणि ठशाची कड पाहा. रंगावर नंतर ठसा मारला की कडेचं पोलाद किंचित उचलतं, तिथला रंग तुटतो. ठशाच्या खोबणीत आणि झिजल्या कडांवर सारखाच ताजा काळा रंग असेल, तर रंग ठशानंतरचा. आता त्याच पिस्तुलाची मॅगझीन बाहेर काढा आणि तिच्या बुडाचा क्रमांक वाचा. त्यापुढे अधिकाचं चिन्ह असेल, तर सैन्याच्या रीतीप्रमाणे ती जोडीतली दुसरी, राखीव मॅगझीन.